तिजोरीबाईने उघडलेली फाइल

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पुढे, एक लांबच लांब खोली होती. छताला टेकलेले लोखंडी रॅक आणि रॅकवर फायलीच फायली. निम्म्या शहराची दुखणी तिथे नंबरवार लावून ठेवलेली. या खोलीचा कारभार चोवीस वर्षं एकाच बाईकडे होता. नर्सपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला तिजोरीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. एकदा विमा कंपनीचा माणूस आला आणि लाडीगोडी लावत म्हणाला, "बाई, या पेशंटला साखर कधीपासून आहे, एवढंच सांगा." बाई म्हणाली, "त्यांची सही आणा, मग साखर, मीठ, सगळं सांगते." एक हवालदार तपासाच्या नावाखाली आला, तर त्याला तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अधीक्षकांचं पत्र आणायला वरच्या मजल्यावर पाठवलं. खुद्द एका डॉक्टरलासुद्धा तिने रिकाम्या हाताने परतवून लावलं होतं. त्याची मेहुणी दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली भरती होती आणि याला तिचे रिपोर्ट बघायचे होते. "तुम्ही डॉक्टर आहात हो," बाई म्हणाली, "पण तिचे नाही. तिचे तुम्ही भावोजी."

जो उपचार करतो त्याला लागेल तेवढं द्यायचं. रक्त तपासणाऱ्याला त्याच्यापुरतं, औषध देणाऱ्याला त्याच्यापुरतं. बाकी कुणालाही पेशंटच्या होकाराशिवाय नाही. फाइल रॅकवरून निघाली की तिच्या जागी पुठ्ठ्याची पट्टी, आणि पट्टीवर कुणाकडे गेली, किती वाजता गेली.

हा कडकपणा नियमांच्या पुस्तकातून आला नव्हता. बाई अकरा वर्षांची असताना तिची आई चार महिने मनाच्या आजारासाठी दवाखान्यात होती. तिथल्याच एका कामगाराने ही गोष्ट गल्लीत सांगितली. आई बरी होऊन घरी आली, पण गल्ली काही बरी झाली नाही. आईला शिवणकाम द्यायला कुणी येईना. पाठच्या बहिणीशी खेळायला कुणी पोरं पाठवीना. आई लवकर गेली, आणि त्या धाकटीला बाईनेच वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं ते गेलंच.

धाकटी आता पन्नाशीला आली होती आणि पाळणाघर चालवत होती. चौदा मुलं, दोन खोल्या, आणि मदतीला एक बाई. ही मदतनीस मुलांना कडेवर घेऊन झुलवत झोपवायची म्हणून मुलं तिला झोकामावशी म्हणत. कसंही रडणारं पोर तिच्या खांद्यावर गेलं की पाच मिनिटांत गप्प. धाकटीची स्वतःची आठ महिन्यांची नातसुद्धा दिवसभर तिच्याच अंगाखांद्यावर असायची.

एका गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांच्या ओपीडीतून फायली परत आल्या. त्यात एकीचं कव्हर फाटलं होतं. नवं कव्हर घालून त्यावर नाव, पत्ता आणि नंबर उतरवायचा, हे बाईचं रोजचंच काम. एरवी फायली नुसत्या नंबरावर निघत आणि नंबरावरच परत लागत, नाव बघायची वेळ येत नसे. ती नाव उतरवायला लागली आणि हात थांबला. नाव ओळखीचं, पत्ता ओळखीचा. झोकामावशी.

कव्हर घालायला आतलं पान वाचावं लागत नाही. हे बाईला जेवढं माहीत होतं तेवढं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. तरी तिने पहिलं पान उघडलं. "स्वयंपाकघरात अचानक कोसळली. हातपाय ताठ, जीभ चावली, दहा मिनिटं शुद्ध नव्हती." त्याखाली औषधांची नावं. इतक्यात वरून अपघात विभागाच्या फोनची घंटी वाजली, कुणाची तरी फाइल तातडीने हवी होती. बाईने पान मिटलं, नवं कव्हर बांधलं आणि फाइल जागेवर ठेवली. पण त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढून एकच चित्र हलेना. झोकामावशी उभी आहे, खांद्यावर नात आहे, आणि मावशी कोसळते आहे.

तीन दिवस तिने कळ काढली. त्या डॉक्टरांना जाऊन विचारावं, असंही एकदा मनात आलं. पण विचारायचं तर फाइल का उघडली हेही सांगावं लागणार. चोवीस वर्षांची तिजोरी, तिने कोणत्या तोंडाने सांगायचं? तेवढ्यापायी ती गेली नाही, आणि रविवारी धाकटीकडे गेली.

"तुझ्या त्या मावशीला फिट येतात," ती एकदम म्हणाली.

धाकटीच्या हातातला चहा हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. मुलांना तिच्या कडेवर देऊ नकोस, एवढंच. तिला काढू नकोस, कुणाला बोलू नकोस. दुसरं काही काम दे."

"ताई, शपथ. या कानाचं त्या कानाला कळणार नाही."

शपथ सोमवारी दुपारपर्यंत टिकली. धाकटी तशी वाईट नव्हती, पण भित्री होती. तिने झोकामावशीला सांगितलं की उद्यापासून येऊ नको. "का?" म्हटल्यावर "तुझ्या तब्येतीचं कळलंय मला," एवढं बोलून बसली. मुलांचे आईबाप विचारायला लागले, मावशी कुठे गेली? एका आईला खरं सांगितलं, तिने दुसरीला सांगितलं. गोष्ट वाटेत वाढतच गेली. आठवड्याभरात लोक म्हणायला लागले की मावशीच्या हातून एक पोर पडलं होतं म्हणे. असं काही कधीच झालं नव्हतं. पाच वर्षांत तिच्या हातून दुधाची बाटलीसुद्धा पडली नव्हती.

बाईच्या कानावर हे आलं तेव्हा ती धाकटीवर खूप ओरडली. धाकटी रडत म्हणाली, "मग मी काय करायचं होतं? तूच सांगितलंस ना! नातीला काही झालं असतं तर?" घरी येऊन ती मनाची समजूत घालत राहिली की आपण एका लेकराचा जीव वाचवला असेल, कुणी सांगावं.

पुढच्या महिन्यात मेंदूच्या डॉक्टरांच्या ओपीडीची यादी खाली आली, त्यात झोकामावशीचा नंबर होता. बाईने फाइल काढून वर पाठवली. संध्याकाळी फाइल परत आली ती तशीच, आत नवीन नोंद नाही, नुसता "गैरहजर"चा शिक्का. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. त्या गोळ्या रुग्णालयातूनच, एका वेळी एका महिन्याच्या मिळत. दोन महिने म्हणजे गोळ्या संपल्या असणार, हे बाईला कळत होतं. ती यादीवर बोट ठेवून बसून राही. बाहेर कुणी आवाज दिला की दचके. जेवणाचा डबा पुष्कळदा न उघडता घरी जाई.

तिसऱ्या महिन्यात, सकाळी सकाळी, फोनची घंटी वाजली. अपघात विभागाला एक फाइल ताबडतोब हवी होती. नंबर ऐकला आणि बाईला रॅकपाशी जाऊन यादी बघावीच लागली नाही. नंबर पाठ होता. फाइल न्यायला माणूस असतो, पण ती स्वतः घेऊन वर गेली.

पडद्याआड झोकामावशी पडली होती. जिन्यात फिट आली आणि सात पायऱ्या खाली गेली. उजवं मनगट मोडलं होतं, ओठ फाटला होता, पुढचा एक दात गेला होता. मेंदूचे डॉक्टर धावत आले होते. त्यांनी आधी विचारलं, "बाहेर तुमचा भाऊ आहे, त्याला आत बोलावू? त्याच्यासमोर बोललेलं चालेल?"

"नको," ती म्हणाली.

"बरं. गोळ्या कधीपासून बंद?"

"दोन महिने."

"अहो, पण का? सहा वर्षांत एक फिट नाही. किती छान चाललं होतं."

तिने छताकडे बघितलं. फाटक्या ओठातून शब्द नीट फुटत नव्हते. "इथलं बाहेर जातं, डॉक्टर. माझं काम गेलं. सख्ख्या भावाला मी सांगितलं नव्हतं, तो मला रस्त्यात विचारतो. मग इथं कशाला यायचं?"

डॉक्टरांनी न बघताच हात मागे केला आणि बाईने त्यात फाइल ठेवली. त्यांनी शेवटची पानं उलटली. "हे मीच लिहिलंय बघा. मुलं सांभाळायच्या कामाला हरकत नाही. पाळणाघराला द्यायला पत्र देऊ का असंही मी विचारलं होतं, तुम्ही नको म्हणालात. ते तुमच्या हातात होतं. कुणी बाहेर काढलं हे?"

बाई पडद्याला धरून उभी होती. सहा वर्षं. तिने वाचलं ते पान नऊ वर्षांपूर्वीचं होतं. तारीख वरच होती, तिने बघितली नव्हती.

ती तशीच जिना चढून अधीक्षक मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. त्यांचा विश्वासच बसेना.

"तुम्ही? दुसऱ्या कुणाला पाठीशी घालत नाही ना?"

"नाही मॅडम. मीच."

"भीती वाटली, हे मी समजू शकते. पण धोका आहे का नाही हे ठरवणारा माणूस वर बसला होता. त्याला विचारलं असतंत तर दोन मिनिटांत कळलं असतं. तुम्ही पेशंटच्या डॉक्टरकडे नाही गेलात, बहिणीकडे गेलात."

"माझी लाज वाचवायला गेले नाही," बाई म्हणाली. "खरं तेवढंच आहे."

"लिहून द्या. आणि हे त्या पेशंटला कळलं पाहिजे. तो तिचा हक्क आहे."

कळवायला मॅडम गेल्या आणि बाईला बरोबर नेलं. झोकामावशीच्या हाताला प्लास्टर होतं. तिने मॅडमचं सगळं ऐकून घेतलं. मग बाईकडे बघत म्हणाली, "मी पहिल्यांदा आले तेव्हा तुमच्या खिडकीशी उभी राहून विचारलं होतं, माझे कागद कुणी बघणार नाही ना? तुम्ही म्हणालात, इथून मुंगीसुद्धा कागद नेत नाही."

"हो."

"मुंगीनं नाही नेला मग."

बाईने हात जोडले. "चुकले मी. माफ करा म्हणायलाही तोंड नाही."

"मग नका म्हणू," झोकामावशी म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "तुमच्या बहिणीनं विचारलं असतं ना, मावशी, तुला काही आहे का, तर मी सांगितलं असतं. गोळ्यांची डबी तिथल्याच फळीवर असायची. कुणी विचारलंच नाही."

चौकशी झाली. बाईने काहीच लपवलं नाही, त्यामुळे चौकशीला बोलण्यासारखं फार उरलं नाही. वेतनवाढ थांबली आणि रेकॉर्ड रूम काढून घेऊन तिला चादरींच्या कोठीवर टाकलं. झोकामावशीपासून मुलांना धोका नाही, असं पाळणाघराला लेखी कळवायची तयारीही रुग्णालयाने दाखवली, मात्र तिची परवानगी असेल तरच. तिने दिली नाही. धाकटी स्वतः तिच्या घरी गेली, परत ये म्हणाली. झोकामावशीने तिला दारातच पाणी विचारलं आणि दारातूनच परत पाठवलं.

किल्ली सोपवायच्या आदल्या दिवशी खिडकीशी झोकामावशी उभी. अर्ज करून आली होती. शहराच्या पलीकडच्या टोकाला दुसरं रुग्णालय होतं, तिथे उपचार घेणार होती, आणि तिला स्वतःच्या सगळ्या कागदांची प्रत हवी होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा काम बाईलाच करावं लागलं. बाईने एकशे बारा पानं झेरॉक्सच्या काचेवर उपडी ठेवून काढली. कुठलंही पान तिने सुलटं करून बघितलं नाही. मग पानं मोजली, दोऱ्याने बांधली आणि खिडकीतून गठ्ठा आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

"मिळाल्याची सही लागेल."

उजव्या हाताला प्लास्टर होतं. झोकामावशीने डाव्या हातात पेन धरलं आणि एक एक अक्षर कोरत नाव लिहिलं. वेळ लागला. रजिस्टर सरकू नये म्हणून बाईने ते या बाजूने धरून ठेवलं. सही झाल्यावर झोकामावशीने गठ्ठा उचलून छातीशी धरला, लहान मूल धरावं तसा, आणि निघून गेली.

त्याला आता वर्ष झालं. बाई चादरी मोजते, फाटक्या वेगळ्या काढते. तिजोरीबाई असं आता कुणी म्हणत नाही. जुन्या लिफ्टवाल्याच्या तोंडून एकदा चुकून आलं, तर बिचाऱ्याने जीभ चावली. बहिणी बहिणी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. दोघींच्या मध्ये ती गोष्ट बसलेली असते.

मागच्या आठवड्यात धाकटी आली होती. खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाली, "ताई, कळलं का? एका मुलाची आई सांगत होती, झोकामावशी म्हणे..."

बाईचा जीव कानात गोळा झाला. ती बरी आहे का, गोळ्या घेते का, तिला काम मिळालं का, वर्षभर तिला दुसरं काहीही एवढ्या तळमळीने जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "तिनं तुला सांगायला सांगितलंय का?"

"नाही, पण..."

"मग मला नको सांगूस."

धाकटी गोरीमोरी होऊन बसली. मग दुसरंच काही बोलायला लागली, नातीच्या दातांचं, पाळणाघराच्या गळक्या नळाचं. बाई हं हं म्हणत राहिली, पण त्यातलं एक अक्षरही तिला ऐकू येत नव्हतं.