चार नंबरची डिस्क

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं, एक बंद खोली आणि एक हट्टी मशीन एवढं पुरतं. ऐंशीच्या दशकात ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात आमच्याकडे तर हट्टी मशीन्स दोन होती!

दोन कॉम्प्युटर, आणि दोघांच्या सामाईक डिस्क. एकेक डिस्क म्हणजे कमरेएवढं कपाट. प्रत्येकीच्या तोंडावर नंबरचा छोटा प्लग, आणि तो नंबर दोन्ही मशीनना सारखाच दिसायला हवा. एकाच डिस्कला एकाने दोन म्हटलं, दुसऱ्याने तीन, की एकाच्या लिहिण्यावर दुसरं लिहिणार आणि सगळं साफ!

*

खंडेनवमीला आमच्या ऑपरेटरने, गोंडपिपरीच्या वामनने, सगळे प्लग काढून पुसले, हळदकुंकू लावलं आणि परत बसवले. अदलाबदल करून! एक मशीन जुनेच नंबर धरून चालू होतं, दुसरं नव्या नंबरांनी सुरू झालं. दुपारपर्यंत स्टोअरची सगळी नोंद उडाली.

"देवाले नंबर नाई लागत वामन, डिस्कले लागते!" इन्चार्ज मेश्राम भाऊ ओरडले.

आमच्या मोठ्या साहेबांनी मात्र झापलं ते भाऊंनाच. "पुन्हा दोन मशीनमध्ये फरक दिसला, तर तुमची नोकरी गेली." घरात कमावणारे भाऊ एकटेच. मला फार वाईट वाटलं.

*

उन्हाळ्यात चार नंबरची डिस्क जळली. आम्ही ती उचलून बाहेर नेली, तिची जागा रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी पहिलं मशीन सांगतंय, चार नंबर चालू आहे! दुसरं म्हणतंय, नाही.

मेश्राम भाऊंनी कंपनीच्या नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "असं होऊच शकत नाही!"

"मंग या न भाऊ, पाहून जा!"

तो आला. स्क्रीन पाहिली, रिकामी जागा पाहिली आणि चहा न घेताच गेला.

*

वामन त्या जागेला वळसा घालून जायला लागला. मी चिडवलं, "काऊन रे, फेरे घेऊन राह्यला का?"

"तुमीच उभे राहून पाहा न."

उभा राहिलो. एसीने खोली गारठलेली, तिथे मात्र पायांना गरम हवा लागत होती, चालू डिस्कच्या मागून येते तशी. तेव्हापासून मीही वळसाच घालू लागलो.

*

साहेब तपासणीला येणार असं कळलं. भाऊंनी सगळे उपाय केले, पण पहिल्या मशीनवरून चार नंबर जाईना. भाऊ भूतबित मानत नव्हते. वामन नारळ आणतो म्हणाला, तर त्याच्यावर खेकसले. पण जीप दारात थांबली, तसे रिकाम्या जागेसमोर जाऊन हळूच बोलले, "हे पाह्य बाई, राह्याचं तर दोन्हीकडे राह्य, नाई तर दोन्हीकडून जाय. माह्या लेकरायच्या पोटाचा प्रश्न हाय."

साहेबांनी पहिलं मशीन पाहिलं. चार नंबर होता. मग दुसरं पाहिलं. तिथेही चार! मी भाऊंचा हात धरला.

"वा, दोन्ही सारखी!" साहेब खूश होऊन डिस्कच्या रांगेपुढून चालू लागले. रिकाम्या जागेशी थांबले आणि हवेतच, कमरेच्या उंचीवर, बोट फिरवलं.

"मेश्राम, बाकी झकास. फक्त हिच्यावरची धूळ पुसत चला."

त्यांनी बोट आमच्यापुढे धरलं. काळंकुट्ट झालं होतं.