अप्पांच्या सीरममधला उंचवटा

आधीच सांगते, असल्या गोष्टींचं मला वावडं आहे. कुणी अनुभव सांगायला लागलं की मी उठून जाते... तरी हे लिहितेय.

२०१७ साल. डहाणूच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत पीएचडी करत होते. पेन्सिलीच्या शिशाचा इलेक्ट्रोड द्रवात बुडवायचा, व्होल्टेज द्यायचं. पॅरासिटामॉल असेल तर आलेखावर उंचवटा येतो. औषध जास्त, तर उंचवटा मोठा. गोळ्यांवर जमलं होतं, आता रक्ताच्या सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यावर, बघायचं होतं. त्यासाठी आधी औषध नसलेलं सीरम लागतं. म्हणून माझं, सहकारी हेमांगीचं आणि गुजरातच्या सीमेवर झाईला राहणाऱ्या माझ्या वडिलांचं, अप्पांचं, रक्त आदल्या दिवशी काढून, सीरम फ्रिजमध्ये ठेवलेलं.

दुपारी तपासलं. माझं सपाट. हेमांगीचं सपाट. अप्पांच्यात उंचवटा!

"शिसं बदल गं," हेमांगी म्हणाली. बदललं. उंचवटा वाढला. भांडं नवीन घेतलं, पुन्हा आमची दोघींची सीरम लावली — सपाट. अप्पांचं लावलं — आणखी वाढला. बंद कुपीतलं औषध वाढेल कसं? फोन लावला.

"अप्पा, गोळ्या घेतल्यात?"

"दाढ ठणकतेय गं सकाळपासून. घेतोय मधूनमधून."

"कुठल्या?"

"एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची. एकच कशी लागू पडेल?"

अरे देवा! नावं तीन, औषध एकच, पॅरासिटामॉल. "किती झाल्या?"

"मोजतंय कोण? आता घेतोच आहे अजून दोन..."

"अप्पा, हातातली खाली ठेवा!" मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातली मुलं डोकावली.

शेजाऱ्यांनी त्यांना गाडीत घालून वलसाडला नेलं, मी मागोमाग पोचले. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर जायचं होतं. वेळेत आणलंत." रक्ताचा रिपोर्ट हातात दिला. त्यावरचा आकडा आणि वहीतली माझी शेवटची नोंद, जवळजवळ एकच. माझ्याकडचं रक्त आदल्या दिवशीचं होतं हो!

तीन दिवसांनी तीच कुपी पुन्हा तपासली. सपाट.

गाइडना दाखवलं. म्हणाले, "कुठेतरी चूक झाली असेल." असेलही, पण मला ती अजून सापडलेली नाही. प्रबंधात ते पान घातलं नाही. अप्पा मात्र आजही फोनवर माझ्याशी कडाकडा भांडतात, आणि मी मुद्दाम भांडण लांबवते.