वाकळीतून आलेलं आवतन

आमच्या दादाला घशाचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी सरळच सांगितलं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. लातूरच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, त्यानं मला फोनचं रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं आणि लेकीच्या लग्नाचं आवतन बोलून ठेवलं. "लेकीचं लगीन काढलंय. समद्यांनी यायचं बरं का. न्हाई म्हणायचं न्हाई." तेव्हा पोरीला साधं एक स्थळसुद्धा आलेलं नव्हतं. असलं अभद्र काय करून राहिलास म्हणून मी त्याच्यावर ओरडले आणि मग बाहेर जाऊन रडले.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. उदगीरजवळच्या आमच्या गावात आवतन तोंडानंच द्यावं लागतं. घरी जायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, 'यायचं बरं का' म्हणायचं. नुसती पत्रिका टाकून गेलेल्या माणसाला लोक वर्षानुवर्षं ऐकवतात. दादा आता पाटीवर लिहून बोलतो. त्यानं लिहिलं, आवतन मीच देणार. आणि माझ्याकडं बघितलं.

कारण नांदेडला माझं कामच ते. पुस्तकातल्या चित्रासमोर फोन धरला की ते चित्र हलतं, बोलतं, ते आम्ही करतो. फोन ज्या चित्राला ओळखतो, त्याला मार्कर म्हणायचं. भाची म्हणाली, आत्या, कशाला एवढा खटाटोप, व्हॉट्सअॅपवर पप्पांचा आवाज पाठवून दे की. दादानं नाही म्हणून मान हलवली. पत्रिका हातात द्यायची आणि त्याच पत्रिकेतून आपण बोलायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हट्टी माणूस, पहिल्यापासूनच.

छपाईवाल्यानं लालभडक, चकचकीत पत्रिका काढली, वर सोनेरी गणपती. फोन तिच्यासमोर नुसता ठोंब्यासारखा. चमकत्या कागदावर उजेड पडला की त्याला काही दिसतच नाही. मग पत्रिकेवर रांगोळी घेतली, तर ती चारी बाजूंनी सारखी, वर कुठलं नि खाली कुठलं ते त्याला कळेना. दादा-वहिनीचा जुना फोटो लावून पाहिला. मागं मोकळं आभाळ, चेहरेही धुरकट, फोनला धरायला काही सापडेना. वहिनी म्हणाली, तुझ्या फोनला माणसं आवडत न्हाईत व्हय गं?

मी समजावून सांगत होते, चित्र दाट पाहिजे, रंग ठळक पाहिजेत, एक जागा दुसरीसारखी दिसता कामा नये. सांगता सांगता माझी नजर दादाच्या अंगावरच्या वाकळीवर गेली. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, परकरांचे तुकडे जोडून वहिनीनं शिवलेली. एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही, एक टाका सरळ नाही. मी तिथंच तिचा फोटो काढला, साध्या कागदावर छापून आणला आणि फोननं तो झटक्यात ओळखला. उलटा धरला तरी, अंधुक उजेडात धरला तरी.

वहिनी अशी भडकली म्हणता! लग्नाच्या पत्रिकेवर जुनेराची वाकळ? चारचौघांत नाक कापायचंय का आमचं? ती माझ्याशी बोलेचना. शेवटी दादानं पाटीवर लिहिलं, पोरगी ह्यातच वाढली की. वहिनीनं ते वाचलं, पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, मधला हिरवा तुकडा तेवढा नीट येऊ दे, माझ्या आईच्या लुगड्याचा हाय.

पत्रिका छापून आल्या, त्यातली एक फोनसमोर धरून बोलती करून पाहिली आणि मी निवांत मनानं नांदेडला परतले. मग भाचीचा फोन आला, पप्पांचा आवाज येईना. पळत गाव गाठलं, तर वहिनीनं गल्लीतल्या बायका जमवून सगळ्या पत्रिकांना हळदकुंकू लावून ठेवलेलं. अगं बाई! जन्मभर पत्रिकांचे कोपरे पिवळे बघत आले आणि माझ्याच कामात ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्यात ह्या बायकांचा हात सढळ. ओली हळद कोपऱ्यांवरून पार आतपर्यंत ओढलेली, प्रत्येक पत्रिकेवर वेगळी. फोनला ती वाकळ वाटेचना. दादाचं तोंड एवढंसं झालं.

हळद पुसा म्हणायची तर सोयच नव्हती. मग मी फोनलाच शिकवलं, बाबा रे, कडा सोड, मधलेच तुकडे ओळख. वाकळ मधेही तेवढीच दाट होती. हळदीनं माखलेली एक पत्रिका त्याच्यासमोर धरली आणि दादा बोलला. लेकीचं लगीन काढलंय. माझा जीव भांड्यात पडला.

पहिलं आवतन मुखेडला, आमच्या थोरल्या बहिणीला, अक्काला. दादा, वहिनी आणि मी एसटीनं गेलो. दादानं अक्काच्या हातावर अक्षता ठेवल्या, पत्रिका पुढं धरली, मी फोन धरला. आवाज आला. अक्कानं फोनकडं बघितलंच नाही. ती दादाच्या तोंडाकडं बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, आणखी एकदा लाव. मी लावलं.

"हाव, येते की," ती दादाला म्हणाली. "पण कवा हाय?"

आवाजात तारीख नव्हती. कुठून असणार? मी सांगायला तोंड उघडलं, तर वहिनीनं माझा हात दाबला. अक्काला वाचता येत नाही, म्हणून दादानं पाटी बाजूला ठेवली. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला आणि करंगळीपासून एकेक पेर दाबत दिवस मोजायला लागला. तो पेर दाबायचा आणि अक्का मोठ्यानं आकडा म्हणायची. लग्नाच्या दिवसाचं पेर दाबलं आणि दादा थांबला.

"एवढेच दिस राह्यले?" अक्का म्हणाली. "मग मी हितं बसून काय करू? थांब जरा."

ती आत गेली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली. येताना ती आमच्याबरोबरच एसटीत बसली, आणि उदगीर येईपर्यंत तिनं दादाचा हात काही सोडला नाही.