पाय धुऊन आत

किनाऱ्यावरचं ते ऐटदार हॉटेल पाडलं, त्याला बरीच वर्षं झाली. झुंबरं गेली, लाकडी जिना गेला. राहिलं फक्त दगडी जोतं आणि पायरीजवळचा नळ. वाळूच्या पायांनी आत यायचं नाही, असा तिथला दंडक होता. आई चहाला न्यायची, तेव्हा आधी आमचे पाय खसखसून धुवायची.

काल पाहिलं, तर शहाळी विकणाऱ्या एका बाईंनी त्याच जोत्यावर चार खुर्च्या मांडलेल्या. मी तशीच चढू लागले, तर त्या ओरडल्या, "ओ काकू, पाय धुऊन आत या!"

आत? वर तर नुसतं आभाळ होतं. आतबाहेर भिंती ठरवतात, असं मी आजवर धरून चालले होते.

मी नळ सोडला, पाय धुतले आणि हॉटेलात शिरले.