न लुकलुकलेली नावं

भुताखेतांचं कोणी सांगायला लागलं की मी विषय बदलते. घरात देव आहेत, ते सासूबाईंचे. हे आधीच सांगते, कारण पुढचं लिहिताना मला भीती वाटत नाही... लाज वाटते.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचा शेवटचा काळ. परभणीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी आणि पेडगावची सुनंदा शिकत होतो. एकच मशीन, त्याला चार टर्मिनल. सरांना शिकवायला एक बाई हवी होती – एकच. शाळेचा निकाल स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम दोघींनी करायचा, जिचा चांगला तिला नोकरी. सी भाषेत कर्सेस नावाची तयार कोडची लायब्ररी होती. कितवी ओळ, कितवा रकाना ते सांगितलं की मजकूर नेमका तिथे छापायची. ठळक, उलट्या रंगात, नाहीतर लुकलुकता. मला लुकलुकण्याचा फार सोस. नापासांची नावं मी लुकलुकती ठेवली होती.

दाखवायच्या दिवशी बंद पुकारला. एसटी नाही, जीप नाही. सुनंदा अडकली. तिचा प्रोग्राम अजून टाइपही झाला नव्हता, ती येऊन करणार होती. मी गावातलीच, पोचले.

सर म्हणाले, "पाव्हणे आलेत, तुझा तर दाखव."

मी माझा प्रोग्राम चालवला. आला तो माझा नव्हता. सरळ रकाने, भोवती चौकट, आणि नापासांची नावं इतरांसारखीच स्थिर. पुढे फक्त रोमन अक्षरांत – पुन्हा बसणार.

"हे बरं केलंस," पाहुणे हेडमास्तर म्हणाले. "नापासाचं नाव चमकवायचं नसतंय."

"सर, हा माझा प्रोग्राम नाही," मी तिथंच सांगितलं.

"मग काय आमच्या बायकोनं केलाय?" सर हसले. "लय लाजायलीस. सोमवारपासून ये शिकवायला."

सगळे गेल्यावर परत चालवला. नावं लुकलुकत होती. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं, तर म्हणाले, "आता बिघडवून आणलास व्हय? काल डोळ्यानं बघितलंय मी."

गाड्या सुरू झाल्यावर सुनंदा आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "नापासांचं काय केलंस गं? मी तर सगळ्यांसंगच ठेवणार होते, चौकटीत. नुसतं पुढं 'पुन्हा बसणार'. आमच्या गावात नापास पोराला लय हसतेत."

मी सगळं सांगितलं.

"तू खोटं बोलायलीस असं म्हणत न्हाई मी. पण नोकरी तर तुलाच लागली ना."

"सोडते मी."

"सोडून काय करतीस? मला थोडीच बोलावतेत ते."

माझा मुलगा आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, आई, तुला भास झाला. मग सरांनाही झाला? हेडमास्तरांनाही?

पुढे बरीच वर्षं मी तिथे शिकवलं. निकालाची स्क्रीन कायम तशीच करायला लावली. मुली विचारायच्या, "मॅडम, ही कल्पना तुमची का?"

मी म्हणायचे, "सुनंदाची."

कोण सुनंदा, हे एकीनंही विचारलं नाही. आणि मीही सांगत बसले नाही.