मुलुंडच्या गच्चीवरचा शॉक

मुलुंडची ती केस आठवली की मला अजून स्वतःचाच राग येतो. खून नव्हता, दरोडा नव्हता. एसी बसवताना एका मेकॅनिकला शॉक बसला, एवढंच. पण चूक त्याचीच, असं लिहिलेला कागद मी जवळजवळ सही करून वर पाठवला होता.

तेव्हा मी उपनिरीक्षक होतो. पुढे चाळिशीतच वर्दी उतरवली. आता सोसायट्यांच्या गेटवर उभा राहून एसी बसवणाऱ्यांच्या सुरक्षेची पत्रकं वाटतो, ते या केसमुळेच.

संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि सोसायटीत पोचलो. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने अख्ख्या घराला मिळून एकच मोठा एसी घेतला होता. मशीन गच्चीवर, आणि छताआडून पत्र्याच्या डक्टने सगळ्या खोल्यांत हवा. मेकॅनिक गच्चीवर एकटाच वायर जोडत असताना चिकटला. टाकी बघायला वर आलेल्या वॉचमनने बांबूने त्याला ढकललं, म्हणून वाचला. उजवा हात भाजला होता. खाली घरात मेन स्विच चालू. पंचनाम्यात तसंच लिहिलं.

सकाळी कंत्राटदार लेखी अर्ज घेऊन हजर.

"साहेब, मेन न पाडता वायरला हात घातला. मी काय करणार? शिकवून शिकवून थकलो."

मलाही पटलं. अशा माणसांचा निष्काळजीपणा रोजच बघतो, असं म्हणून मोकळा झालो. गरिबाला वेंधळा ठरवायला आपल्याला पुरावाही लागत नाही!

दुपारी मेकॅनिकची बायको आली. खारदांड्याची कोळीण, मासळीची पाटी बाजूच्या बाईला सांभाळायला देऊन थेट ठाण्यात. ठाणे अंमलदार "बाई, बसा" म्हणाले, तर त्यांना ओलांडून माझ्या टेबलापाशी.

"साहेब, माजा घरवाला रात्री गॅसचा बटन तीनदा बघून झोपतो. मी भांडते त्याच्याशी, मेल्या, बटन झिजंल. तो मेन न पाडता हात घालंल?"

"ताई, मेन चालू होता. मी स्वतः पाहिलाय."

"तुमी पाह्यला तेवा. त्याच्या आदी कोणी पाह्यला?"

मी पंचनाम्याचं पान उलटलं. ती पुढे बोलली, "हात बरा होईल. पण तुमच्या कागदावर वेंधळा लिहिलात, तर उद्या त्याला कोन दारात उभा करंल?"

दोन दिवसांनी मेकॅनिक बोलता झाला. जबाबात एकच सांगत राहिला, "मेन मी पाडला होता. एसीचा वेगळा स्विच बसवलाच नव्हता, वायर थेट मेनवर घेतलेली. म्हणून अख्खं घर बंद करूनच वर गेलो." घरची म्हातारा-म्हातारी त्या दिवशी विक्रोळीला नातेवाइकांकडे गेली होती, मुलगा-सून कामावर. मेकॅनिकला शेजारणीने दार उघडून दिलं होतं. म्हातारा-म्हातारीचा जबाब आम्ही घेतला होता: घरी आलो, थोड्या वेळाने गलका ऐकला. मधल्या वेळात काय केलंत, हे मी विचारलंच नव्हतं.

उलगडा ठाण्यातच झाला. दिवेलागणीची वेळ. आमचे हवालदार फोनवर कोणाला तरी झापत होते. झापता झापताच उठले, न बघता बोर्डावरची लाइटची सगळी बटणं दाबली, फोटोला उदबत्ती लावली आणि परत खुर्चीत. मी विचारलं, "लाइट कोणी लावला?" तर म्हणाले, "कुठला लाइट?"

मी तसाच टोपी घालून निघालो.

म्हातारबाबा मूळचे मालवणकडचे, गिरणीत हयात घालवलेले. त्यांच्याच दारात त्यांना विचारलं, "काका, त्या दिवशी घरात आलात तेव्हा उजेड होता?"

"नाय वो. काळोख होतो."

"मग?"

"मग काय, मेन पडलेलो दिसलो, वर केलंय. तिनसांजेक घरात काळोख बरो नाय. ल्हानपणी आवशीन शिकयल्यान तसा हात आपसूक..."

बोलता बोलता थांबले. वळून आतल्या मेनकडे बघितलं. "म्हंजे तो माझ्या हातान..."

शेजारणीनेही जबाब दिला: काका-काकू आले तेव्हा आत काळोख होता, त्यांना मोबाईलचा उजेड मीच दाखवला; मेकॅनिक काम उरकून गेला असंच मला वाटलं.

मग कंत्राटदाराला बोलावलं. दोन माणसांच्या कामाला एकच का पाठवला? पाडलेल्या मेनला कुलूप का नव्हतं? "वर माणूस काम करतोय" अशी साधी पाटी का नव्हती? शॉक बसताच वीज तोडणारा स्विच का बसवला नाही? तो म्हणाला, "साहेब, असंच चालतं सगळीकडे." मी म्हटलं, "हेच वाक्य जबाबात लिहितो, खाली सही कर." विद्युत निरीक्षकांच्या अहवालातही याच त्रुटी निघाल्या. गुन्हा कंत्राटदारावर नोंदवला.

काका रोज रुग्णालयात जाऊन बसायचे. मेकॅनिकच त्यांची समजूत घालायचा, "काका, घरात उजेड करणं काय गुन्हा आहे? कुलूप असतं तर तुमचा हात तिथंच अडला असता."

एवढं शहाणपण मला पोलीस प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. माणसाचा हात सवयीने चालतो, त्याला दोष देऊन कोणी वाचत नाही. कुलूप लावा, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवा, बोर्डापाशी दुसरा माणूस उभा करा. थंड हवेचे पैसे मोजणाऱ्यांनो, तुमच्या गच्चीवर कोण चढलाय आणि खाली बोर्डापाशी कोण उभं आहे, एवढं तरी विचारा. आणि पोलिसांनो, पंचनाम्यात स्विच चालू दिसला की तो कोणी चालू केला तेही विचारा.

तपास संपल्यावर मेकॅनिक बायकोला घेऊन ठाण्यात आला. मी अंतिम अहवालातला त्याच्याबद्दलचा परिच्छेद दाखवला. डाव्या हातात कागद धरून त्याने तो मनातल्या मनात वाचला आणि खाली ठेवला. बायकोने कागद उचलला आणि बाजारात गिऱ्हाईक बोलावतात त्या आवाजात वाचायला लागली, "सदर मेकॅनिकने काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद केला होता..." लॉकअपवरचा शिपाईसुद्धा वळून बघायला लागला.

मेकॅनिक लाजून म्हणाला, "हळू गं."

"का हळू?" ती म्हणाली. "तुला नावं ठेवली तेवा कोन हळू बोललं?"