करीमची आठवण पक्की होती

हे मी बायकोलाही सांगितलं न्हाई. तिच्यापासून दुसरं काही लपवलं न्हाई, एवढं मात्र लपवलं. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका. मधीच थांबलो तर समजा, गडी अंग चोरून राह्यला — कारण तसंच असंल.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी धावडा गावचा, कास्तकाराचा पोरगा. जालन्याला मस्तगडात एका मौलवीसाहेबांकडं हदीस शिकायला राह्यलो होतो. त्यांना मूलबाळ न्हवतं, बीबी वारलेल्या. उर्दूत शिकवायचे अन् माया मराठीत करायचे. सीताफळ फोडलं की मोठा वाटा माझ्या हातात, वर म्हणायचे, "खा रे, वाळून चाललास." बापानंही मला इतकं कधी जपलं न्हाई.

हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांचा बोल. तो कोणी कोणाकडून ऐकला, त्यानं कोणाकडून, अशी माणसांची साखळी पार वरपर्यंत जाते. त्या साखळीतल्या माणसाला रावी म्हणायचं. बोल खरा धरायच्या आधी एकेका रावीला पारखायचं. सवाल दोनच — माणूस सच्चा का? आठवण पक्की का? मौलवीसाहेब आम्हाला गल्लीतल्या माणसांवर ही पारख करायला लावायचे. दूधवाला? सच्चा, पण आठवण कच्ची. शेजारचे हकीम? आठवण पक्की, पण गोष्टीला मीठमसाला फार. आम्ही हसायचो. मंग ते गंभीर व्हायचे. ही चहाडी न्हाई, अमानत आहे, जपायला दिलेली ठेव आहे म्हणायचे. आठवण कच्ची असंल त्याच्यावर रागवू नका. पण जो जाणूनबुजून खोटं बोलला त्याचं काहीच घेऊ नका, त्याच्यापाशी साखळी तुटली.

एकदा त्यांनी एका जुन्या रावीची गोष्ट सांगितली. म्हातारपणी त्याच्या बोलण्यात घोळ व्हायला लागला, तेव्हा लेकांनी त्याला शिकवायला बसूच दिलं न्हाई. म्हणून त्याच्या नावावर चुकीचं काही चढलं न्हाई. सबक संपला, बाकीचे उठून गेले, अन् त्यांनी माझा हात धरला. "मला लेक न्हाई. माझा घोळ व्हायला लागला की तू सांगायचं. त्या दिवशी मी शिकवणं बंद करीन." मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो.

घोळ सुरू झाला तो मलाच आधी कळला. नमाजाआधी हातपाय धुवायचे, ती वजू केल्याचं विसरून पुन्हा वजूला बसायचे. मला जुन्या कुण्या शागिर्दाच्या नावानं हाक मारायचे, मी ओ द्यायचो. इथवर ठीक होतं — होतं का? माझी सनद जवळ आली होती. सनद म्हणजे उस्तादाची परवानगी, की आता हा माझ्या नावानं शिकवू शकतो. बापानं सगळ्या धावड्यात सांगून ठेवलं होतं, पोरगा मौलवी होऊन येणार. मौलवीसाहेब थांबले तर सनद कुठली?

मंग ती सकाळ. माझ्यासोबत करीम होता, अंबडच्या बांगडीवाल्याचा पोरगा. गरीब गाय. बोलायचा कमी, ऐकायचा फार. मौलवीसाहेबांनी एक हदीस सांगितली अन् म्हणाले, ही मी हैदराबादच्या उस्तादांकडून ऐकली. करीम हळूच म्हणाला, "हुजूर, गेल्या हिवाळ्यात आपण औरंगाबादच्या उस्तादांचं नाव घेतलं होतं."

तुम्ही म्हणाल, बोल तर तोच, मंग बिघडलं कुठं? आमच्यात तिथंच बिघडतं. एकाकडून ऐकलेलं दुसऱ्याच्या नावावर घालायचं न्हाई, आमचं सगळं इल्म, सगळी विद्या ह्याच्यावरच उभी आहे.

मौलवीसाहेबांनी माझ्याकडं पाह्यलं. डोळ्यात राग न्हवता. भीती होती, जत्रेत हात सुटलेल्या लेकरासारखी. मला चांगलं आठवत होतं, औरंगाबादच. करीम बराबर होता.

"हैदराबाद," मी म्हणालो. "बिलकुल हैदराबाद."

त्यांच्या चेहऱ्यावर जी तसल्ली आली, ती बघून मला रडू फुटलं. पुढं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मायेपोटी बोललो. माया होतीच, न्हाई कशी म्हणू? पण आधी मनात काय आलं होतं? सनद.

करीम बावरला. माझीच चूक झाली असंल, म्हणाला. मौलवीसाहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, अन् किती प्रेमानं म्हणाले — करीम सच्चा आहे, आठवण कच्ची आहे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. करीमनं तो मानला. कच्च्या आठवणीच्या माणसानं हदीस शिकवू नये, असं म्हणून आपणहून अंबडला निघून गेला. मी त्याला येशीपर्यंत पोचवायलाही गेलो न्हाई. मला सनद मिळाली. मौलवीसाहेब पुढच्या उन्हाळ्यात गेले, निर्धास्त गेले. अन् मी त्या सनदेवर जन्मभर शिकवलं.

बऱ्याच वर्षांनी अंबडच्या बाजाराला गेल्तो. करीमनं दुकानातून हाक मारली, जवळ बसवलं, चहा मागवला. गिऱ्हाईक बाईनं भाव विचारला तर हा आत बायकोला विचारायला गेला. येऊन हसला, "माझी आठवण तर तुला ठाऊकच आहे." मंग मौलवीसाहेबांच्या गोष्टी निघाल्या. त्यांची सीताफळं, त्यांचे सवाल, त्या सकाळची ती हदीस — सगळं जसंच्या तसं बोलला. उस्तादांचं नाव तेवढं त्यानं बदलून घेतलं होतं. हैदराबाद म्हणाला.

मी चहा प्यालो. खुदा हाफिज म्हणालो अन् बस पकडली.

करीम आता न्हाई. मौलवीसाहेब दोन शब्दांत पारख सांगायचे, तशीच सांगतो. करीम — सच्चा, आठवण पक्की. मौलवीसाहेब — सच्चे, अखेरीस घोळ व्हायचा. मी — जाणूनबुजून खोटं बोलला. त्याचं काही घेऊ नये.